एकही येत नाही, मग दोन एकदम: शहरातला बसमार्ग चालतो कसा

मार्च १६६२. पॅरिसमधल्या सँ-मेरी चर्चच्या दाराशी झिल्बेर्त पेरिये गाडीची वाट बघत उभ्या होत्या. भावाच्या घरी परतायचं होतं आणि चालत जायचं तर अंतर बरंच. गाडी आली, पण भरलेली. दुसरी आली, तीही भरलेली. अशा पाच गाड्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या. हे त्यांनी २१ मार्चच्या एका पत्रात लिहून ठेवलं आहे. सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो त्यांचा हाच भाऊ: गणितज्ञ ब्लेझ पास्काल.

म्हणजे शहरी बसच्या इतिहासात थांब्यावरची तक्रार पहिल्या आठवड्यातच हजर आहे. ती साडेतीनशेहून अधिक वर्षं का टिकली, हे समजलं की बसमार्ग नावाची गोष्ट बऱ्यापैकी समजते.

भाड्याच्या घोडागाड्या पॅरिसमध्ये आधीही होत्या. पास्कालच्या गाड्यांत नवं होतं ते असं: वाट ठरलेली, भाडं ठरलेलं (पाच सोल, म्हणजे तिथली पाच नाणी; लोक त्यांना ‘पाच सोलच्या गाड्या’च म्हणत), आणि वेळ झाली की गाडी सुटणार, मग आत एकच माणूस का असेना. ही शेवटची अट वाचायला साधी, पाळायला सगळ्यांत महाग. भरल्यावरच सुटणारी गाडी मालकाला परवडते, कारण रिकाम्या जागेचा तोटा तो प्रवाशाच्या वेळेतून वसूल करत असतो. वेळेवर सुटणाऱ्या गाडीत तो तोटा मालकाच्या अंगावर येतो. शहरी बस ज्या दिवशी रिकामी सुटायला तयार झाली, त्या दिवशी ती भाड्याच्या गाडीपासून वेगळी झाली असं मी मानतो.

पास्कालचं हे शेवटचं काम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. तोवर पाच मार्ग सुरू झाले होते. पण पॅरिसच्या न्यायालयाने सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना या गाड्यांत बसायला बंदी घातली होती, म्हणजे ज्यांना पाय झिजवावे लागत तेच बाहेर. काही वर्षांत सेवा बंद पडली आणि पुढची दीडशे वर्षं कल्पना तशीच पडून राहिली.

१८२६ मध्ये फ्रान्समधल्याच नांत शहरात स्तानिस्लास बोद्री यांनी गावाच्या कडेला असलेल्या आपल्या गरम पाण्याच्या स्नानगृहासाठी गाडी सुरू केली. हेतू गिऱ्हाइकं आणण्याचा. लोक गाडीत बसत, पण स्नानगृहापर्यंत येतच नसत. मधेच उतरून आपापल्या कामाला जात. बोद्रींनी इशारा ओळखला आणि अंघोळीपेक्षा गाडीचा धंदा धरला. तिथल्या ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याने स्वतःच्या आडनावावर कोटी करून दुकानावर ‘ओम्नेस ओम्नीबस’ अशी पाटी लावली होती, तिच्यावरून गाड्यांना ओम्नीबस नाव पडलं असं सांगतात. लॅटिनमध्ये ओम्नीबस म्हणजे ‘सर्वांसाठी’. पुढे शब्द झिजला आणि उरला फक्त शेवटचा तुकडा, जो मुळात विभक्तीचा प्रत्यय आहे. मराठीत ‘सर्वांना’मधला ‘ना’ उचलून त्यालाच वाहनाचं नाव द्यावं, तसं हे झालं. जगभर लोक रोज एका चतुर्थीच्या प्रत्ययात बसून कामाला जातात.

४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबियर यांची ओम्नीबस लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी धावू लागली: तीन घोडे, बावीस प्रवासी. घोड्यांच्या त्या काळातच बसधंद्याचा एक कायमचा नियम दिसून आला. एक घोडा दिवसातून काही तासच गाडी ओढू शकतो, त्यामुळे एक ओम्नीबस दिवसभर चालवायला दहा-अकरा घोडे पोसावे लागत. रस्त्यावर जे दिसतं त्याच्या कितीतरी पट तबेल्यात उभं असतं. आज घोड्यांच्या जागी राखीव बस, बदली ड्रायव्हर आणि डेपो आहेत, एवढाच फरक.

इंजिनावर चालणारी पहिली बससेवा जर्मनीत झीगेन परिसरात, बेंझच्या गाडीवर सुरू झाली. दिनांक १८ मार्च १८९५. पास्कालची पहिली गाडीही १८ मार्चलाच सुटली होती, २३३ वर्षं आधी. निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा. या बेंझबसला चढ झेपत नसे, प्रवाशांना उतरून ढकलावं लागे, आणि वर्ष संपता संपता ती बंदही पडली. तरी पंधरा-वीस वर्षांत मोठ्या शहरांतून घोडा हटला. लंडनची शेवटची घोड्याची बस ऑगस्ट १९१४ मध्ये निघाली.

याच दरम्यान आणखी एक बदल झाला, ज्याचं मोल मला इंजिनापेक्षा कमी वाटत नाही: नंबर. आधी बस ओळखायची ती रंगावरून आणि बाजूला रंगवलेल्या ठिकाणांच्या नावांवरून. १९०६ मध्ये लंडनच्या व्हॅनगार्ड कंपनीने आपल्या मार्गांना आकडे दिले, आणि मार्गाला गाडीपासून वेगळं अस्तित्व मिळालं. लंडनचा २४ क्रमांकाचा मार्ग १९१२ पासून हॅम्पस्टेड हीथ ते पिमलिको असा जवळजवळ त्याच वाटेने चालतो आहे. त्यावरच्या बस, त्या चालवणाऱ्या कंपन्या, इंधन, तिकीट सगळं बदललं. मार्ग म्हणजे गाडी नव्हे. नकाशावरची रेघही नव्हे, कारण रेघेत वेळ दाखवता येत नाही. मार्ग म्हणजे ठरावीक वाटेवर ठरावीक वेळाने काहीतरी येणार, हा शब्द. आता तो पाळायला काय लागतं ते पाहू.

बारा बसचं गणित

समजा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचायला ५० मिनिटं लागतात आणि प्रत्येक टोकाला बस १० मिनिटं थांबते. निघालेली बस पुन्हा त्याच जागी यायला १२० मिनिटं लागली. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर १२० भागिले १०, म्हणजे १२ बस लागतील. हे या धंद्यातलं मूळ समीकरण आहे आणि वेळापत्रकावरचे बहुतेक वाद यातच येऊन अडकतात.

उदाहरणार्थ, रस्त्यावर वाहनं वाढली आणि ५० मिनिटांचे ६० झाले. पूर्ण फेरा आता १४० मिनिटांचा. दर १० मिनिटांचा शब्द पाळायला १४ बस हव्यात. त्या नाही मिळाल्या तर आहेत त्या १२ बस दर ११ मिनिटं ४० सेकंदांनी येणार. डेपोतून एकही बस कमी झालेली नाही, एकाही ड्रायव्हरने दांडी मारलेली नाही, तरी थांब्यावरचा माणूस म्हणणार, ‘हल्ली बस कमी केल्यात.’ आणि ते खरंच आहे. वाहतूक कोंडीने दोन बस गिळल्या. बससाठी वेगळी मार्गिका मागणारे लोक प्रवाशांचे मिनिट वाचवा म्हणतात. माझ्या मते त्यांनी उलटीकडून बोलावं, की रंगाचा एक पट्टा ओढून तुम्हाला दोन बस आणि त्यांचे ड्रायव्हर फुकट मिळतात.

टोकाला थांबण्याच्या त्या १० मिनिटांवर लोकांचा राग असतो. बस समोर उभी, दार बंद, आणि ड्रायव्हर निवांत. त्यात त्याची विश्रांती आहे हे खरंच, पण ती वेळ मुख्यतः गादीसारखी आहे. आलेली फेरी सात मिनिटं उशिरा पोहोचली तर पुढची तरी वेळेवर सुटावी यासाठी. गादी काढून टाकली तर सकाळी आठला सिग्नलवर गमावलेली मिनिटं दुपारी दोनच्या फेरीतही सापडतील. म्हणूनच धावण्याचा वेळ सरासरीवर धरून भागत नाही. सरासरीवर आखलं तर साधारण निम्म्या फेऱ्या उशिरा पोहोचणारच. हिशेब वाईट दिवसाचा धरावा लागतो. पण फार वाईट दिवसाचा धरला तर चांगल्या दिवशी बस उगाच रेंगाळते आणि आतले प्रवासी वैतागतात. वेळापत्रक करणाऱ्याचं कसब या दोन शिव्यांच्या मधली जागा शोधण्यात आहे.

थांबे किती, हाही असाच ओढाताणीचा प्रश्न. वेग कमी करणं, दार उघडणं, बंद करणं, पुन्हा रहदारीत शिरणं, यात एका थांब्याला वीस-पंचवीस सेकंद सहज जातात, कोणी चढो वा उतरो. दहा किलोमीटरच्या मार्गावर दर २५० मीटरला थांबा म्हणजे ४०. दर ४०० मीटरला म्हणजे २५. पंधरा थांबे कमी झाले की एका बाजूला सहा मिनिटं वाचतात, दोन्ही बाजूंची बारा, आणि वरच्या गणितात बारा मिनिटं म्हणजे एकाहून अधिक बस. कागदावर हे पटतं. पण रद्द होणारा थांबा कुणाच्या तरी दारासमोरचा असतो, त्या घरात गुडघे दुखणारं कुणीतरी असतं, आणि ते माणूस सभेला येतं. सहा मिनिटं वाचलेले हजारो लोक सभेला येत नाहीत, त्यांना आपलं काही वाचलंय हे कळतही नाही.

दोन बस एकत्र का येतात

आता मूळ तक्रार. वीस मिनिटं काही नाही आणि मग एकामागे एक दोन. पहिली खचाखच, दुसरी जवळजवळ रिकामी. ड्रायव्हर गप्पा मारत एकत्र निघाले असणार, असं आपल्याला वाटतं. खरं कारण असं की कुणीही काहीही चूक केली नाही तरी हे होतं. १९६४ मध्ये नेवेल आणि पॉट्स या दोघांनी त्याचं गणित मांडलं, आणि ते समजायला शाळेतलं चक्रवाढ व्याज पुरतं.

धरा, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक माणूस येतो आणि चढायला प्रत्येकाला ३ सेकंद लागतात. बस १० मिनिटांनी आली तर १० माणसं, ३० सेकंद. आता एका सिग्नलपाशी एक बस २ मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर ती १२ मिनिटांच्या अंतराने पोहोचते, तिथे १२ माणसं उभी आहेत, ३६ सेकंद लागतात. उशीर सहा सेकंदांनी वाढला. त्यामुळे त्यापुढच्या थांब्यावर आणखी थोडे जास्त लोक, आणखी थोडा उशीर. दर थांब्याला उशिरावर पाच टक्के व्याज चढतं. चौदा-पंधरा थांब्यांत दोन मिनिटांची चार होतात, तीस थांब्यांत साडेआठच्या वर.

त्याच वेळी तिच्या मागच्या बसचं उलट चालू असतं. पुढची बस रेंगाळल्यामुळे तिच्या वाट्याला अंतर ८ मिनिटांचं येतं, म्हणून माणसं ८, वेळ २४ सेकंद. ती वेळेच्या पुढे सरकत जाते. पुढची मागे येते, मागची पुढे जाते, आणि कुठेतरी दोघी एकमेकींना गाठतात. एकदा गाठल्यावर आपण होऊन सुटत नाहीत. भरलेल्या बसमध्ये दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातलं व्याज तर पाच टक्क्यांहून जड असतं.

म्हणजे समान अंतरावर धावणाऱ्या बस ही पेन्सिल टोकावर उभी करण्यासारखी स्थिती आहे. धक्का लागला की पडणार. रेल्वेत सिग्नल यंत्रणा गाड्यांमध्ये अंतर राखते, बसच्या रस्त्यावर तसं कोणी नसतं.

याची किंमत आपल्या अंदाजापेक्षा मोठी आहे. तासाला सहा बस, दर १० मिनिटांनी नीट आल्या, तर अवचित थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या, १ मिनिटाचं अंतर, मग १९ मिनिटांचं, तर? बस तेवढ्याच, पण सरासरी वाट ९ मिनिटांच्या वर जाते. कारण १९ मिनिटांच्या खिंडारात सापडण्याची शक्यता १ मिनिटाच्या फटीत सापडण्याच्या १९ पट आहे. बहुतेक लोक खिंडारातच येतात. म्हणून ‘मी आलो की नेमकी बस नसते’ ही भावना नशिबाची नाही, ती सरळ अंकगणिताची आहे.

आणि म्हणूनच वारंवार येणाऱ्या बसच्या बाबतीत ‘वेळेवर’ हा शब्द फारसा कामाचा नाही. सगळ्याच बस बरोबर दहा मिनिटं उशिरा धावल्या तर थांब्यावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. लंडनमध्ये यासाठी दोन वेगळे मापदंड आहेत. तासाला पाच किंवा अधिक बस असतील तर वेळापत्रकाप्रमाणे जेवढं थांबावं लागलं असतं त्यापेक्षा प्रवाशाला सरासरी किती जास्त थांबावं लागलं, ते मोजतात. त्याहून विरळ मार्गांवर मात्र लोक वेळ बघून घराबाहेर पडतात, तिथे छापील वेळ पाळली की नाही हे बघतात. विरळ मार्गावर उशिरापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे बस लवकर जाणं. पाच मिनिटं उशीर म्हणजे पाच मिनिटं गेली. एक मिनिट लवकर गेली तर पुढच्या बसपर्यंतचा अख्खा तास गेला.

उपाय काय? सगळ्यांत जुना म्हणजे पुढे सरकलेल्या बसला एखाद्या थांब्यावर रोखून धरणं. लंडनच्या बसमध्ये त्याची ध्वनिमुद्रित सूचनाही लागते, सेवा सारखी करण्यासाठी बस थोडा वेळ इथे थांबेल अशी. आत बसलेल्यांना ती ऐकून संताप येतो आणि ते स्वाभाविक आहे: त्यांचा वेळ जाताना दिसतो, मागच्या थांब्यांवर मोकळं झालेलं अंतर त्यांना दिसत नाही. दुसरा उपाय, फार उशीर झालेली बस अर्ध्या वाटेवरून परत फिरवायची. नियंत्रण कक्षातून हे शहाणपणाचं असतं, आणि बसमधून उतरवलेल्या माणसाला ते कितीही समजावलं तरी पटत नाही.

तिसरा उपाय व्याजाचा दरच कमी करण्याचा. चढायला तीन सेकंदांऐवजी एक सेकंद लागला तर उशीर फुगण्याचा वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९९१ पासून नळीसारखे थांबे आहेत. पैसे थांब्यात शिरतानाच द्यायचे, थांब्याची जमीन बसच्या जमिनीच्या उंचीला, दारं अनेक. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सगळ्या दारांतून चढायची मुभा दिली. अशा बदलांचं वर्णन नेहमी ‘प्रवाशांची सोय’ असं होतं. ती आहेच, पण खरा नफा पुढच्या थांब्यांवर जमा होतो.

चौथा मला सर्वांत देखणा वाटतो. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये सुचवलं की वेळापत्रक बाजूलाच ठेवा. टोकाला आलेल्या बसने फक्त एवढंच बघायचं, की मागची बस किती मिनिटांवर आहे, आणि त्या अंतराच्या ठरावीक हिश्शाएवढं थांबून निघायचं. मागची लांब असेल तर जास्त थांबा, जवळ असेल तर लवकर सुटा. कोणी वरून हुकूम देत नाही, तरी अंतरं आपोआप सारखी होत जातात, आणि एखादी बस बंद पडली तर उरलेल्या आपसात जागा वाटून घेतात. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसवर त्यांनी हे करून पाहिलं.

मात्र यातला कुठलाही उपाय नसलेल्या बस निर्माण करत नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी ज्या जादा बस आणि ड्रायव्हर लागतात ते दुपारी मोकळे असतात, आणि माणसाला सकाळी चार तास व संध्याकाळी चार तास अशी तुटक ड्यूटी दिली तर त्याचा दिवस कामातच जातो. डेपो लांब असेल तर पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी धाव रोज अंगावर पडते. गर्दीच्या वेळची तेरावी बस म्हणूनच बाराव्यापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि थांब्यावरून नेमकी तीच हवी असते.

पॅरिसच्या त्या पहिल्या मार्गावर सात गाड्या होत्या आणि दर साडेसात मिनिटांनी एक यायची होती. म्हणजे आपल्या समीकरणाने पूर्ण फेरा साधारण ५२ मिनिटांचा. चर्चच्या दाराशी उभे असलेले लोक या शोधाची वाहवा करत होते, असं झिल्बेर्त पेरिये लिहितात. पण त्यातले काही म्हणत होते, सातच गाड्या ठेवणं ही मोठी चूक आहे, निदान वीस तरी हव्या होत्या. वीस असत्या तर दर अडीच-पावणेतीन मिनिटांनी एक आली असती. घोडे, गाडीवान आणि चारा मात्र जवळजवळ तिप्पट. पाच गाड्या हुकल्याने आपलं डोकं इतकं फिरलं होतं, पास्कालची बहीण पत्रात कबूल करते, की त्या क्षणी मलाही त्यांचंच म्हणणं जवळपास पटलं.